टोंगळ्यांचे आणि कमरेचे जुने दुखणे: अ‍ॅक्युपंक्चर करावे का?

पऱ्हाटी (३ एप्रिल, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात आहे आणि घरची शेती कोरडवाहू आहे. माझ्या सासूबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. चौदाव्या वर्षापासून त्यांनी दर हंगामात कमरेला ओटी बांधून कापूस वेचला, वाकून निंदण केले आणि डोक्यावर वैरणीचे भारे वाहिले. गेल्या सहा वर्षांपासून त्यांचे दोन्ही टोंगळे आणि कंबर दुखते. (आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात.) एक्स-रेमध्ये टोंगळ्यांची झीज दिसली, परंतु सांधा बदलण्याची वेळ अजून आलेली नाही असे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले.

खरी अडचण पुढे आहे. इतकी वर्षे त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी रोज, कधी दिवसातून दोनदा, घेत आल्या. जानेवारीत रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) थोडे वाढलेले निघाले, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी पूर्ण बंद करून पॅरासिटामॉल दिले. त्याने त्यांना रात्र निभत नाही. मागच्या महिन्यात पिठाच्या डब्यामागे मला डायक्लोफेनॅकची पट्टी सापडली. मी रागावले नाही, कारण पहाटे तीनला भिंतीला धरून उठणारी बाई मी रोज पाहते.

गावात सल्ल्यांची कमतरता नाही. कोणी बिब्ब्याचे चटके द्यायला सांगते, कोणी आठवडी बाजारातल्या पुड्या आणून देते. या दोन्हींना मी ठाम नकार दिला आहे. वर्ध्याला अ‍ॅक्युपंक्चर (बारीक सुया टोचून करायचा उपचार) करणाऱ्या एक बाई आहेत असे कळले. महिला सन्मान योजनेमुळे आम्हा दोघींचे एसटीचे तिकीट अर्धे पडते, तरीही प्रत्येक खेपेला अख्खा दिवस मोडतो आणि फी वेगळी द्यावी लागते. चमत्काराची माझी अपेक्षा नाही. सुयांनी अशा जुन्या दुखण्यात खरोखर फरक पडतो का, किती पडतो, आणि किती सिटिंगनंतर थांबायचे हे कसे ठरवावे, एवढेच मला अनुभवी आणि जाणकार लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

बेंबळाकाठ (३ एप्रिल, रात्री ११:०५)

पऱ्हाटीताई, मी स्वतः हा उपचार घेतला आहे, म्हणून लिहितो. माझे दुखणे कमरेचे होते. ट्रॅक्टरवर वीस वर्षे बसल्यानंतर ते सुरू झाले आणि चार वर्षे टिकले. एमआरआयमध्ये मणक्यांतल्या दोन चकत्या थोड्या सरकलेल्या दिसल्या, पण शस्त्रक्रियेची गरज नव्हती.

मी एकूण दहा सिटिंग घेतल्या. पहिल्या तीन सिटिंगमध्ये काहीच फरक वाटला नाही आणि चौथ्या वेळी जावे की नाही यावर घरात वाद झाला. पाचव्या सिटिंगनंतर सकाळी अंथरुणातून उठताना लागणारा वेळ कमी झाल्याचे लक्षात आले. दुखणे पूर्ण गेले नाही, आजही गेलेले नाही. मात्र पूर्वी दहापैकी सात असणारे दुखणे चारवर आले आणि मी पुन्हा वावरात दोन तास उभा राहू लागलो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. माझ्या मुलीने मला पहिल्याच दिवशी एक वही दिली होती. तिच्यात मी रोज चार गोष्टी लिहीत असे: रात्री किती वेळा जाग आली, किती गोळ्या घेतल्या, किती वेळ सलग उभा राहिलो आणि दुखण्याला दहापैकी किती गुण देईन. ती वही नसती तर तिसऱ्या सिटिंगलाच मी उपचार सोडला असता, कारण दुखणाऱ्या माणसाला कालचे दुखणे नीट आठवत नाही. त्याला फक्त आजचेच खरे वाटते.

भूलतज्ज्ञ (४ एप्रिल, दुपारी २:१५)

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे आणि विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा वेदनांच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवतो. मी स्वतः अ‍ॅक्युपंक्चर करत नाही, त्यामुळे त्यात माझा कोणताही स्वार्थ नाही.

आधी पुड्यांविषयी. ताईंनी नकार दिला हे फार चांगले केले. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत दुखणे पळते, पण काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. डायक्लोफेनॅकबद्दल तुमच्या डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे. या गटातली औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात, आणि उन्हाळ्यात घामाने शरीरातले पाणी घटलेल्या शेतकरी माणसात हा धोका आणखी वाढतो.

आता मूळ प्रश्न. टोंगळ्यांच्या झिजेवर जर्मनीत सुमारे एक हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे तीन गट होते. एका गटाला परंपरेने ठरलेल्या जागांवर, म्हणजे बिंदूंवर, सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी आणि वरवर टोचल्या, आणि तिसऱ्याला डॉक्टरांच्या भेटी व डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दिल्या. तिन्ही गटांना फिजिओथेरपीची मुभा होती. सहा महिन्यांनी ठरावीक प्रमाणात सुधारणा झालेल्यांचे प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात ५३ टक्के, भलत्या जागी टोचलेल्या गटात ५१ टक्के आणि गोळ्यांच्या गटात २९ टक्के होते. कमरेच्या दुखण्यावर ११६२ रुग्णांचा तसाच अभ्यास २००७ मध्ये आला. तेथील आकडे अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. नेहमीच्या गोळ्यांच्या उपचारापेक्षा सुया घेतलेल्या रुग्णांना निश्चितच अधिक आराम पडला. परंतु नेमक्या कोणत्या बिंदूवर टोचले याने फारसा फरक पडला नाही. पुढे अनेक चाचण्यांतील एकेका रुग्णाची माहिती एकत्र करून विश्लेषण झाले. २०१८ च्या आवृत्तीत ३९ चाचण्यांतले २०,८२७ रुग्ण होते. त्यात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण तो फरक लहान होता. सुया न घेतलेल्यांच्या तुलनेतला फरक मात्र मोठा होता, आणि वर्षभरानंतरही त्या लाभाचा बहुतांश भाग टिकून होता.

म्हणूनच वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत. जर्मनीत २००७ पासून कमरेच्या आणि टोंगळ्यांच्या जुन्या दुखण्यासाठी सार्वजनिक आरोग्य विमा अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च देतो. अमेरिकेतील वृद्धांची सरकारी विमा योजना २०२० पासून फक्त कमरेच्या जुन्या दुखण्यासाठी ९० दिवसांत १२ सिटिंग देते, आणि सुधारणा दिसली तरच आणखी ८. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये कमरेसाठी शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले. पुरावा तोच असताना शहाणी माणसे असे वेगळे निष्कर्ष काढतात, कारण ‘सुयांचा परिणाम’ आणि ‘सुया घेण्याचा परिणाम’ यांत कशाला महत्त्व द्यायचे यावर त्यांचे एकमत नाही.

पऱ्हाटी (४ एप्रिल, सायंकाळी ७:३०)

डॉक्टरसाहेब, एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. पण एक शंका मला स्वस्थ बसू देत नाही. भलत्या जागी टोचूनही जवळजवळ तेवढाच आराम पडत असेल, तर सासूबाईंना मी मनाची समजूत विकत घेऊन देत आहे असा त्याचा अर्थ होतो का? त्यांना फसवल्यासारखे तर होणार नाही ना?

भूलतज्ज्ञ (४ एप्रिल, रात्री १०:२०)

नाही, ताई. हा प्रश्न माझे रुग्णही विचारतात, म्हणून थोडे थांबून उत्तर देतो.

वरवर टोचलेली सुईसुद्धा निष्क्रिय नसते. त्वचेला आणि स्नायूला झालेली ती लहानशी इजा मज्जातंतू टिपतात, आणि मेंदू व मज्जारज्जू वेदना दाबणारी स्वतःची यंत्रणा जागी करतात. १९७० च्या दशकातील काही प्रयोगांत, अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर सुयांनी मिळालेला आराम कमी झाल्याचे दिसले. त्यावरून शरीरातील एंडॉर्फिनचा त्यात वाटा असावा असे मानले जाते. २०१० मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात सुईच्या आसपास अ‍ॅडेनोसिन नावाचे वेदनाशामक द्रव्य वाढलेले आढळले.

याला आणखी एक बाजू आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. पूर्वी ज्या हालचालीने दुखत नसे, त्या हालचालीनेही दुखू लागते. अशा वेळी अर्धा तास शांत पडून राहणे, कोणीतरी लक्षपूर्वक हात लावून कुठे दुखते ते विचारणे आणि ‘यातून बरे वाटू शकते’ असा विश्वास मिळणे, या सगळ्यांनी ती हळवी यंत्रणा खरोखर शांत होते. ही फसवणूक नव्हे. सत्तेचाळीस वर्षे वावरात राबलेल्या बाईला कोणी अर्धा तास निवांत झोपवून तिचे टोंगळे तपासले असतील, असे मला वाटत नाही.

फसवणूक कुठे सुरू होते तेही सांगतो. झिजलेली कुर्चा (सांध्यातली गादी) परत येईल, सांधा नवा होईल, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून यावे.

सूचिका (५ एप्रिल, सकाळी ८:५०)

मी अमरावती जिल्ह्यात अ‍ॅक्युपंक्चर करते. डॉक्टरसाहेबांनी दिलेले आकडे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना आवडत नाहीत, पण ते खरे आहेत आणि मी ते माझ्या रुग्णांपासून लपवत नाही. बिंदूंचे महत्त्व मी त्यांच्यापेक्षा थोडे अधिक मानते, कारण सुई योग्य खोलीवर पोचली की रुग्णाला जड, बोथट, पसरत जाणारी एक संवेदना होते. चिनी परंपरेत तिला ‘द ची’ म्हणतात, आणि ज्यांना ती होते त्यांच्यात मला फरक लवकर दिसतो. हा माझा अनुभव आहे, सिद्ध पुरावा नव्हे.

ताई, तिथे काय घडेल ते सांगते, म्हणजे सासूबाईंची भीती कमी होईल. इंजेक्शनची सुई पोकळ असते. आमची सुई भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यातून कोणतेही औषध जात नाही. टोंगळ्यांसाठी वाटीच्या खालच्या दोन्ही खळग्यांत, नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याजवळ सुया लावतात. नडगीजवळच्या बिंदूला ‘झुसानली’ म्हणतात. तो टोंगळ्याच्या खळग्यापासून चार बोटे खाली असतो, आणि ही चार बोटे रुग्णाच्या स्वतःच्या हाताची धरायची असतात. आपल्याकडे अंगुळे मोजतात तशीच ती रीत आहे. कंबरेसाठी मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि टोंगळ्याच्या मागच्या लवणीत टोचतात. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. सुरुवातीला आठवड्यातून दोन वेळा बोलावतात.

जाताना उपाशीपोटी जाऊ नका, घेरी येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर यांपैकी काही असल्यास आधी सांगा, कारण काही वेळा सुयांना सौम्य वीज जोडतात, ती पेसमेकर असताना जोडत नाहीत. सुयांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे आणि वापरलेली सुई परत वापरता कामा नये, कारण तिच्यातून कावीळ बीसारखा आजार पसरू शकतो. पाठीच्या वरच्या भागात, बरगड्यांवर, खोल टोचू देऊ नका. फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. त्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते पाहा, आणि नसेल तर विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडून सुया लावून घेऊ नका.

झाडीपट्टी (५ एप्रिल, रात्री ८:१०)

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकून असतात आणि कमरेचे दुखणे घरोघरी असते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात सुयांचे एक मोफत शिबिर झाले. तिथे एकाच ट्रेमधल्या सुया स्पिरिटने पुसून दुसऱ्या माणसाला लावताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मी आक्षेप घेतला तेव्हा माझेच अज्ञान काढण्यात आले. म्हणून सूचिकाताईंचे पाकिटाचे सांगणे कृपया कोणी हलके घेऊ नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आमच्या शेजारच्या एका बावीस वर्षांच्या मुलाच्या खुब्यात वर्षभर दुखत होते. घरच्यांनी मालिश केली, शेक दिला, सुयाही लावल्या. शेवटी तपासणीत सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) निघाला आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचत चाललेला दिसला. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. तरुण माणसाचे हाड सतत दुखत असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी, मग सुयांचा विचार करावा. गरोदर बाईने अंगठा आणि तर्जनी यांमधल्या किंवा घोट्याच्या आतल्या बाजूच्या बिंदूवर सुई लावून घेऊ नये, तो दाबूही नये, असे आम्हाला शिकवले आहे.

भूलतज्ज्ञ (५ एप्रिल, रात्री ९:००)

झाडीपट्टीताईंनी जे लिहिले ते मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. यात आणखी भर घालतो. कमरेच्या दुखण्यासोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री पडून राहिल्यावर वाढणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना हे पाहावे लागते. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे किंवा पायातली शक्ती जाणे ही तातडीची लक्षणे आहेत. तेव्हा सुया नव्हे, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या परिसरात, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की पाठ आणि सांधे ताठ होऊन दुखतात, आणि ते वृद्धापकाळाचे दुखणे समजून अंगावर काढले जाते. एकाच वस्तीतल्या अनेकांना असा ताठरपणा असेल तर पाणी तपासून घ्या. ते पाणी पिणे चालू असताना सुयांनी काय साधणार?

जुना मास्तर (६ एप्रिल, सकाळी ७:००)

चर्चा चांगली चालली आहे. आमच्या पिढीत एक समज पक्का आहे की ही विद्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांनी चीनमधून आणली. तो चुकीचा आहे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातसुद्धा थोड्यांनाच ठाऊक आहे. कोटणीस तिथे शल्यचिकित्सक म्हणून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पन्नाशीच्या दशकाअखेर पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९ पासून कोलकात्यात ते करू लागले.

पऱ्हाटी (१४ मे, रात्री ९:१५)

सर्वांचे सल्ले पाळून आम्ही २१ एप्रिलला सुरुवात केली. काल सहावी सिटिंग झाली, म्हणून हिशेब लिहिते.

आधी गावच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीत पाहिला, फ्लोराइड मर्यादेत आहे. वर्ध्याच्या बाईंकडे नोंदणीचे प्रमाणपत्र होते आणि विचारल्यावर त्यांना आनंदच झाला. पाकिटे दर वेळी समोर फोडली. पहिल्या दिवशी सासूबाई माझा हात घट्ट धरून होत्या. दुसऱ्या वेळी त्या सुया लावलेल्या असतानाच झोपी गेल्या.

बेंबळाकाठ भाऊंसारखी वही ठेवली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून रात्री मी विचारते आणि लिहिते. सुरुवातीच्या आठवड्यात त्या रात्री सरासरी चार वेळा उठत होत्या, या आठवड्यात दोन वेळा उठल्या. पॅरासिटामॉल आठवड्याला एकवीसवरून नऊवर आले. डायक्लोफेनॅकची पट्टी त्यांनी स्वतःहून माझ्या हाती दिली. उजव्या टोंगळ्याला त्या पूर्वी सात गुण देत, आता चार देतात. डावा सहावरून पाचवर आला आहे, म्हणजे फारसा हलला नाही. कंबर जिथे होती तिथेच आहे, एक गुणही कमी झालेला नाही.

हे आकडे बाईंना दाखवले तेव्हा कमरेसाठी आणखी सुया लावण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, हे मला आवडले. आता टोंगळ्यांसाठी चार सिटिंग आणखी घ्यायच्या, आणि कमरेसाठी जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम घरी करायचे असे ठरले आहे. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा एक व्यायाम त्यांनी टोंगळ्यांसाठीही दिला आहे: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे आणि खाली आणायचा. सासूबाई तो नातवाकडून आकडे मोजून घेत करतात. क्रिएटिनिन जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासायचे आहे.

यंदा निंदणाला त्यांना वावरात न्यायचे नाही यावर घरात एकमत झाले होते, पण त्या म्हणाल्या, “बसून होते तेवढं करीन वो, नुसतं घरात बसून टोंगळे धरतेत.” म्हणून सुताराकडून एक वीतभर उंचीचे पाटासारखे लाकडी बसकण करून घेतले आहे. मृग लागायच्या आत उरलेल्या चार सिटिंग व्हाव्यात म्हणून आम्ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची गाडी धरणार आहोत. दहावी झाली की वहीतले पुढचे आकडे इथेच लिहीन.